पडद्यावरच्या 'फुलराण्या' आणि बोलीचा प्रश्न

अंबरनाथ (प.) : सकाळी अंबरनाथ स्थानकात लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीत पाच मिनिटे कान देऊन उभे राहिले, तर आगरी, सिंधी, हिंदी आणि शाळेत घोटलेली 'शुद्ध' मराठी एकत्रच ऐकू येते. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधील प्रा. हिगिन्स अशाच गर्दीत वही घेऊन उभा असतो. कोण कुठला, हे तो उच्चारांवरून सांगतो आणि फुले विकणाऱ्या एलायझाला उमराव घराण्यातील स्त्रीसारखे बोलायला शिकवण्याची पैज लावतो.

१९१३ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक मराठी प्रेक्षकांना ठाऊक आहे ते पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे (१९७५). भक्ती बर्वे यांची मंजुळा अजूनही अनेकांच्या स्मरणात आहे. पुलंनी लंडनच्या बोलीच्या जागी इथली बोली आणली आणि नाटक इथलेच झाले.

पडद्यावर मात्र या कथेचा प्रवास वेगळा झाला. १९३८च्या इंग्रजी 'पिग्मॅलियन'ची पटकथा लिहिण्यात स्वतः शॉ होते. त्यासाठी त्यांना ऑस्करही मिळाले. वेंडी हिलर यांची एलायझा या सर्वांत अस्सल वाटते. तरीही शेवट शॉ यांच्या मनासारखा झाला नाही. एलायझा परतते आणि हिगिन्स आपल्या सपाता कुठे आहेत, असे विचारतो. वास्तविक १९१६मध्ये छापलेल्या उपसंहारात शॉ यांनी तिचे लग्न फ्रेडीशी लावून तिला फुलांचे दुकान काढून दिले होते. तोच गोड शेवट १९६४च्या 'माय फेअर लेडी'ने कायम ठेवला. आठ ऑस्कर मिळवणाऱ्या या संगीतपटात ऑड्री हेपबर्न देखण्या दिसतात. पण सुरुवातीची त्यांची गरिबी पोशाखापुरतीच वाटते.

बासू चॅटर्जी यांच्या 'मनपसंद'मध्ये (१९८०) टीना मुनीम दातून विकते आणि देव आनंद तिला गायिका करायला निघतात. येथे उच्चारांपेक्षा सूर महत्त्वाचा ठरतो. २०२३च्या मराठी 'फुलराणी'त प्रियदर्शिनी इंदलकर यांची शेवंता तांडेल कोळीवाड्यातील आहे, तर सुबोध भावे तिला सौंदर्यस्पर्धेसाठी घडवतात. कोळी मुलगी नायिका करण्याची कल्पना उत्तम. मात्र स्पर्धा आली की चालणे, दिसणे, पोशाख यांनाच भाव येतो आणि बोली केवळ विनोदापुरती उरते.

शॉ यांच्या नाटकात खरी अडचण पैज जिंकल्यानंतर सुरू होते. उच्चार बदललेली एलायझा जुन्या जागी फुले विकू शकत नाही आणि नव्या समाजात तिला काम नाही. हा पेच अंबरनाथ-बदलापूरच्या गावांतील आगरी घरांना परका नाही. 'पाणी'ला 'पानी' आणि 'काळा'ला 'काला' म्हणणारे मूल वर्गात हसू नये म्हणून उच्चार बदलते. मग घरी आजी त्याला 'शहरी झालास' म्हणून चिडवते. चारही चित्रपटांत हे घरी परतणे घाईने उरकलेले दिसते.