आखाड्यावरची वीज (भाग 6) : गजावर पेटलेला दिवा

केबलच्या जाडीचं गणित या भागात येणार होतं. ते आठवडाभर थांबेल. मानवत तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय की, हुरड्याच्या दिवसांपुरता मोटारीच्या स्टार्टरवरून एक फेज घेतला आणि दुसरी वायर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी गजाला बांधली, तर बिघडतं काय? दिवा तर छान लागतो!

लागणारच. सेलू, पाथरी, जिंतूर, कुठल्याही शिवारात असे दिवे सापडतात, आणि त्याला कारण आहे. पाण्याची थ्री फेज मोटार न्यूट्रलशिवाय चालते, त्यामुळे विहिरीपर्यंत बऱ्याचदा तीनच वायरी आलेल्या असतात. दिव्याला हवेत 230 व्होल्ट. दोन फेजांमध्ये मिळतात 400च्या वर. मग न्यूट्रलचं काम जमिनीवर ढकलायचं. डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, न्यूट्रल तिथे अर्थ केलेलाच असतो, म्हणून गजातून मातीत उतरलेली वीज डीपीकडे परतते.

ओल्या काळ्या मातीत हे बिनबोभाट चालतं. उन्हाळ्यात माती भेगाळते, गजाभोवती पोकळी होते आणि दिवा मंदावतो. मग कोणीतरी तांब्याभर पाणी घेऊन अनवाणी गजापाशी जातं. गजाला मातीचा अडथळा 100 ओहम धरला, तर 60 वॅटच्या बल्बने गजावर साधारण 25 व्होल्ट चढतात. त्याच वायरवर 1000 वॅटचा हीटर लावला की 150! गजापासून दूर जावं तसं व्होल्टेज उतरत जातं, म्हणजे दोन पावलांखालच्या जमिनीतही फरक असतो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, आणि वाटेत त्याचं काळीज. जनावर आधी पडतं ते यामुळे.

गजाची वायर तुटली तर आणखी वाईट. दिवा विझतो, वीज गेली असं वाटतं. पण दिव्याकडून आलेल्या तुटक्या टोकावर जवळपास पूर्ण 230 व्होल्ट उभे असतात. एलईडीने तर मंदावण्याची जुनी खूणही पुसली. बरेच एलईडी कमी व्होल्टेजवरही तेवढेच उजळ दिसतात.

जाणकार इथे न्यूझीलंडचा दाखला देतील. तिथे लॉइड मँडेनो यांनी 1925च्या सुमारास एकाच तारेने, परतीला जमीन वापरून खेड्यांत वीज नेली. खरं आहे. पण ती उच्चदाबाची लाइन होती: करंट थोडा, अर्थिंग मोजूनमापून केलेलं. घरात शिरणारी वीज ट्रान्सफॉर्मरमधून दोन वायरींनीच जायची. गोठ्याशेजारच्या गजाशी तिचं नातं नाही.

30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी बसवली की ती हा दिवा लागू देत नाही. गेलेला करंट वायरीने परतला नाही, हे तिला लगेच कळतं. 60 वॅटचा बल्ब सुमारे 260 मिलिअँपिअर जमिनीत सोडतो. यावर काही जण आरसीसीबीच काढून टाकतात!

चार दिवसांच्या उजेडाला बॅटरीवरचा किंवा सौर दिवा पुरतो. जास्त वीज हवी असेल तर महावितरणकडे तात्पुरती जोडणी मागावी, आणि न्यूट्रल परवानाधारक वायरमनकडूनच आणवावा. ज्यांच्या आखाड्यावर असा गज आज ठोकलेला आहे, त्यांनी गजाला आधी हात लावू नये. मेन स्विच बंद करावा, टेस्टरने तपासावं, फेजकडचं टोक सोडवावं. गजाची वायर सगळ्यात शेवटी.