सावंतवाडीचा जलरंगकार

सावंतवाडीस १८८२ साली जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे घाटापलीकडील कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांसारखे स्वयंशिक्षित नव्हते. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी १९०८ मध्ये स्वतःची कलासंस्था काढली आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेतही भाग घेतला. पाश्चात्त्य दृक्प्रत्ययवाद्यांप्रमाणे प्रकाशाचा ध्यास घेतलेल्या या चित्रकाराने, एकदा कुंचला फिरला की दुरुस्तीस फारसा वाव न ठेवणाऱ्या जलरंगात, आपल्या कन्येस समोर उभी करून, हाताआडच्या दीपज्योतीने उजळलेल्या स्त्रीचे जे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र रंगविले, ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. मात्र १९०६ मध्येच निवर्तलेल्या राजा रविवर्म्याच्या नावावर ते अद्याप सर्रास खपविले जाते, हे नवलच.