विश्लेषण : एका हाताने रंधा मारता येतो का? अवजार बदलले तर सुतारकाम का सोडावे लागत नाही?

भिवंडीतील नारपोली म्हटले की यंत्रमागांची खडखड आणि गोदामांपुढच्या ट्रकच्या रांगा आठवतात. पण साध्या यंत्रमागाचा धोटा लाकडी असतो, त्याला फटका देणारी काठीही लाकडी. गोदामांना फळ्या आणि पॅलेट लागतात. म्हणजे कापडाच्या या पट्ट्यात सुतारालाही काम आहे. याच कामात कोणाचा अंगठा गेला, पाय निकामी झाला किंवा पोलिओमुळे एक हात लहानपणापासून अशक्त असेल, तर घरून पहिला सल्ला येतो तो वॉचमनच्या नोकरीचा. हा सल्ला बऱ्याचदा घाईचा ठरतो.

दुसरा हात नेमके काय करतो?

सुतारकाम नीट पाहिले तर लक्षात येते की एक हात अवजार चालवतो आणि दुसरा मुख्यतः लाकूड धरून ठेवतो. धरून ठेवण्याचे काम शिकंजा किंवा सी-क्लॅम्प हाताहून चांगले करतो, तेही न थकता. फळी टेबलाला आवळली की एका हाताने करवत चालते, कानस चालते. छोटा रंधाही मारता येतो. गुण्या सरकू नये म्हणून त्याच्या मागे पॉलिश पेपरची पट्टी चिकटवायची. खिळा धरायला लोहचुंबक बसवलेली हातोडी मिळते. ती नसेल तर आधी बारीक भोक पाडून स्क्रू लावणे सोपे.

आपल्याकडचा सुतार पूर्वापार जमिनीवर बसून फळी पायाखाली दाबत आला आहे. त्याचा पाय हाच शिकंजा. त्यामुळे हात गमावलेल्याला ही जुनी बैठक उपयोगी पडते, पण पाय गमावलेल्याचा मात्र शिकंजाच जातो. त्याला टेबल हवे. व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी त्या टेबलाखाली गुडघ्यांना साधारण 70 सेंमी मोकळी उंची लागते.

बसून काम करणाऱ्याला ढकलून कापणारी करवत जड जाते, कारण अंगाचा भार देता येत नाही. जपानी पद्धतीची करवत ओढताना कापते. ओढताना पाते ताणले जाते, वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येते आणि जोरही कमी लागतो.

पकड कमजोर असेल तर?

मूठ जाड करायची. घट्ट पकडीसाठी साधारण 3 ते 5 सेंमी व्यासाची मूठ योग्य मानली जाते. पटाशीची किंवा कानशीची मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबने गुंडाळली तरी फरक पडतो. बोटे वळतच नसतील तर वेल्क्रोच्या पट्ट्याने कानस किंवा ब्रश तळहाताला बांधता येतो. विजेवर चालणारे अवजार मात्र हाताला कधीही बांधू नये. ते अडकले, उसळले तर हात सोडवता आला पाहिजे. स्विच चालू स्थितीत अडकवून ठेवणे, फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालणे, ग्राइंडरला लाकूड कापायचे पाते लावणे हे दोन हातांच्या कारागिरांनाही महागात पडते.

हाताची संवेदनाच गेलेली असेल तर प्रश्न वेगळा होतो. कुष्ठरुग्णाला मुठीतली फास टोचते, पण कळत नाही. वेल्लोरचे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड वैद्यकशास्त्राकडे वळण्याआधी बांधकाम आणि सुतारकाम शिकले होते. त्यांनी 1950च्या दशकात रुग्णांना लाकडी खेळणी बनवायला शिकवले. अशा हातासाठी मूठ गुळगुळीत आणि मऊ आवरणाची हवी, शिवाय काम संपल्यावर हात डोळ्यांनी तपासण्याची सवय हवी. महाराष्ट्रात बाबा आमटे यांच्या आनंदवनात कुष्ठमुक्त आणि दिव्यांग व्यक्ती अनेक दशके हातांनी काम करून कमावत आल्या आहेत.

पैसे कुठून?

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पुढे 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज मिळते. ही योजना स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार गरिबी निर्मूलनाच्या योजनांत दिव्यांगांना 5 टक्के आरक्षण आहे.

मालकाकडे काम करताना इजा झाली असेल तर 2025 पर्यंत 1923चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होत असे. ईएसआय असलेल्या कामगाराला लाभ त्या योजनेतून मिळतो. 1923च्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के, तर एका हाताची चार बोटे गेल्यास 50 टक्के घटली, असे धरले जात असे. पटाशी धरणाऱ्याला हा हिशेब पटणार नाही, पण भरपाईचा आकडा त्यावरूनच निघत असे. त्या कायद्याखालचा दावा अपघातापासून 2 वर्षांच्या आत दाखल करावा लागत असे.