ओसरीवरचे इलेक्ट्रॉन

ऐका रे पोरांनो. गोदावरीची वाळू कागदावर पसरायची आणि खालून लोहचुंबक फिरवायचा. बारीक काळे कण कसे ताठ उभे राहतात! ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या काळ्या दगडातून झिजून आलेले ते, मॅग्नेटाइटच्या जातीचे. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण आज सांगायचंय ते चुंबकाच्या कातडीबद्दल.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हाच एक इवला चुंबक, तोंड वर किंवा खाली. लोखंडात एका तोंडाचे जास्त, म्हणून ते चुंबक होतं. आता त्याच्याजवळ एक टोकदार सुई आणा, पण टेकवू नका. मधे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढीच फट ठेवा. स्पर्श नाही, तरी थोडं व्होल्टेज लावलं की वीज वाहते! कारण इलेक्ट्रॉनची लाट काठावर तुटत नाही, थोडी बाहेर झिरपते आणि झपाट्यानं विरते. हेच टनेलिंग. बिनिग आणि रोहरर या शास्त्रज्ञांनी १९८१ साली त्यावर सूक्ष्मदर्शक उभा केला आणि १९८६चं नोबेल मिळवलं.

“मग आजोबा, जे जास्त, त्यांचीच ये-जा जास्त?”

तर्क बरोबर, पण लोखंड ऐकत नाही. आपल्या जुन्या नाशकातल्या वाड्याचंच बघा. माजघरात कितीही माणसं असोत, रस्त्यावरून आलेल्याची गाठ पडते ओसरीवर बसलेल्याशी. सगळ्यांत वरच्या थरातल्या अणूला डोक्यावर शेजारी नसतो, म्हणून तिथे इलेक्ट्रॉनांसाठी आत कुठंच नसलेल्या खास जागा तयार होतात. १९९५ साली अमेरिकेत स्ट्रॉशिओ आणि सहकाऱ्यांना लोखंडाच्या स्वच्छ पृष्ठभागावर अशी एक जागा सापडली. व्होल्टेज ०.२ व्होल्टच्या आसपास नेलं की सुईतले इलेक्ट्रॉन तिच्यात शिरतात. आणि ती जागा कोणाची? लोखंडात जे कमी, त्या तोंडाच्या इलेक्ट्रॉनांची! हे सगळं कडक निर्वात पोकळीतच दिसतं, कारण ऑक्सिजन चिकटला की पृष्ठभागाचा नूरच बदलतो.

त्याच वर्षी एमआयटीत जगदीश मुडेरा आणि सहकाऱ्यांनी दोन चुंबकी थरांमध्ये रिकाम्या फटीऐवजी ॲल्युमिनाचा पातळ पडदा घातला. चुंबकांची दिशा फिरवली की विजेला होणारा विरोध नेहमीच्या तापमानालाही सुमारे १२ टक्के बदलायचा. २००४ मध्ये पडदा मॅग्नेशियम ऑक्साइडचा झाला आणि आकडा दोनशे टक्क्यांच्या घरात गेला. हार्ड डिस्कवरची अक्षरं वाचणाऱ्या टोकात पुढे हाच पडदा बसला.