वाटेतला मुक्काम : युरोपातले कोणते शहर? (लेखांक ६)

मुंबईहून अमेरिकेला जाताना युरोप साधारण अर्ध्या वाटेवर येतो. पहिला टप्पा नऊ-साडेनऊ तासांचा, पुढचा आठ-नऊ तासांचा. लेकीकडे किंवा मुलाकडे निघालेले आजी-आजोबा, सुट्टी संपवून लहान मुलांसह परतणारे आई-वडील अशा प्रवाशांनी मध्ये दोन दिवस थांबणे शहाणपणाचेच आहे. पण कुठे थांबायचे हे बहुतेक घरांत शहराच्या नावावरून ठरते. एक-दोन रात्रींच्या मुक्कामात नावाचा उपयोग थोडा. विमानतळाच्या दारातून शहराच्या मध्यभागी पोचायला किती वेळ लागतो, वाटेत सामान किती वेळा उचलावे लागते आणि थकलेले मूल किंवा गुडघे दुखणारी आजी मध्येच खोलीवर परतू शकते का, यावर तो मुक्काम सुखाचा की दगदगीचा हे ठरते.

मुळात निवड फार मोठी नसते. मुंबईहून थेट विमानाने गाठता येणारी आणि पुढे अमेरिकेची भरपूर विमाने असणारी शहरे म्हणजे ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक, पॅरिस, लंडन आणि इस्तंबूल. लिस्बन किंवा कोपनहेगन सुंदर आहेत, पण तिथे जाण्यासाठी आणखी एक विमान बदलावे लागले तर विश्रांतीसाठी काढलेल्या वेळातला अर्धा दिवस त्यातच जातो. लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर थेट विमानाच्या शहराबाहेर न जाणेच बरे.

यानंतर प्रश्न व्हिसाचा. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर आहे म्हणजे वाटेत बाहेर पडता येईल, असा समज पुष्कळांचा असतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाला शेंगेन (म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर प्रवेश देणाऱ्या युरोपीय) देशांतल्या विमानतळावर आतल्या आत विमान बदलण्यासाठी वेगळा ट्रान्झिट व्हिसा सहसा लागत नाही, एवढेच खरे. दाराबाहेर पाऊल टाकायचे तर शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा हवाच. जून २०२४ पासून त्याचे शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आणि सहा वर्षांखालच्यांना माफ आहे. आई-वडील, आजी-आजोबा आणि नऊ वर्षांचे मूल अशा पाच जणांचे ४०५ युरो होतात. त्यावर अर्ज केंद्राचे सेवाशुल्क आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला नियमाने १५ दिवस लागतात, पण सुट्ट्यांच्या हंगामात भेटीची वेळच उशिरा मिळते. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा बाहेर पडायचे असेल तर अर्जातच दोन किंवा अधिक प्रवेश मागावे लागतात. लंडन आणि इस्तंबूल शेंगेनमध्ये नाहीत. त्यांचे नियम वेगळे.

व्हिसाचा हा खर्च एका रात्रीसाठीही तेवढाच आणि चार रात्रींसाठीही तेवढाच. म्हणून एका रात्रीचा मुक्काम सहसा परवडत नाही. पैशांनी नाही आणि वेळानेही नाही. मुंबईची विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि युरोपात सकाळी सहा ते आठच्या दरम्यान उतरतात. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर युरोपाबाहेरच्या प्रवाशांचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे (बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत). त्यामुळे तिथल्या रांगेलाही थोडा वेळ राखून ठेवावा लागतो. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. दुसऱ्या दिवशी उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर हजर व्हायचे. मधल्या वेळातून झोप वजा केली की हाती फार थोडे उरते. दोन रात्री ठेवल्या तर निदान एक सबंध दिवस असा मिळतो की ज्यात विमानतळाचे तोंड पाहावे लागत नाही. या एका दिवसासाठीच हा सारा खटाटोप असतो.

शरीराचे घड्याळही इथे लक्षात घ्यावे लागते. मध्य युरोप उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतो. म्हणजे तिथल्या संध्याकाळी सातला मुलांच्या पोटात आणि डोळ्यांत रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. ती जेवणाच्या टेबलावरच झोपतात आणि पहाटे चार-पाचला टक्क जागी होतात. रात्रीचे दिवे, उशिराची जेवणे, नाटक-संगीत यांसाठी ओळखले जाणारे शहर अशा कुटुंबाच्या कामाचे नाही. सकाळी सातला जिथे तळ्याकाठी, कालव्याकाठी किंवा बागेत निर्धास्त फिरता येते, ते शहर त्याच्या सोयीचे.

या सगळ्या कसोट्यांवर ॲमस्टरडॅम सर्वांत पुढे राहते. तिथल्या स्खिपहोल विमानतळाचे रेल्वेस्थानक इमारतीच्या पोटातच आहे. सामान घेऊन बाहेर आले की तिथूनच सरकत्या वाटेने किंवा लिफ्टने फलाटावर उतरता येते. पंधरा-वीस मिनिटांत गाडी शहराच्या मुख्य स्थानकात पोचते. मोठ्यांना वेगळे तिकीट काढायचीही गरज नाही. बँकेचे कार्ड यंत्राला टेकवून आत जायचे आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचे. मात्र एका कार्डावर एकच माणूस, आणि मुलांसाठी वेगळे स्वस्त तिकीट. हा विमानतळ समुद्रसपाटीच्या काही मीटर खाली आहे. पूर्वी तिथे हार्लेमरमेर नावाचे मोठे तळे होते. वाफेच्या पंपांनी पाणी उपसून १८५२ मध्ये ते कोरडे केले गेले. आपण एका तळ्याच्या तळाशी उतरलो, हे कळल्यावर मुले खिडकीबाहेरच्या कालव्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

मुख्य स्थानकाबाहेर पडल्या पडल्या कालव्यातल्या नौका लागलेल्या असतात. तासाभराची फेरी असते आणि पहिल्या दिवसासाठी तीच योग्य, कारण शहर दिसते आणि कुणाला चालावे लागत नाही. सतराव्या शतकात खणलेले हे कालव्यांचे वलय २०१० पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. काठावरची घरे अरुंद आणि उंच. प्रत्येकाच्या माथ्यावर पुढे आलेले एक लाकूड आणि त्याला लोखंडी आकडा दिसतो. आतले जिने इतके चिंचोळे की पलंग-कपाटे दोराने बाहेरून ओढून खिडकीतून आत घ्यावी लागतात. तो आकडा त्यासाठी. प्रवाशाने त्यातून एक धडा मात्र घ्यावा. अशा जुन्या घरांमधली हॉटेले फोटोत मोहक दिसतात, पण पुष्कळांना लिफ्ट नसते आणि जिना शिडीसारखा उभा असतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर खोली ठरवण्यापूर्वी लिफ्टबद्दल स्पष्ट विचारून घ्यावे. दुसरी काळजी सायकलींची. लालसर रंगाची पट्टी पदपथासारखी दिसते, पण ती सायकलींची असते आणि सायकली वेगाने येतात. मुलांचा हात तिथे सोडू नये.

स्थानकाच्या मागच्या बाजूने आय या जलाशयापल्याड जाणारी फेरीबोट फुकट आहे. चार-पाच मिनिटांची ही सफर लहान मुलांना मोठ्या संग्रहालयापेक्षा जास्त आवडते. पाऊस आला (आणि तो येतोच) तर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन आसरे आहेत. एक, २००७ मध्ये उघडलेले शहराचे मोठे सार्वजनिक ग्रंथालय, ज्यात मुलांसाठी स्वतंत्र दालन आहे. दुसरे, वास्तुकार रेन्झो पियानो यांनी जहाजाच्या आकाराचे बांधलेले नेमो हे विज्ञान संग्रहालय. तिथली उपकरणे हात लावून पाहण्यासाठीच ठेवलेली आहेत. नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकचे घर पाहायचे असेल तर तिकीट फक्त संकेतस्थळावर मिळते. दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची तिकिटे खुली होतात आणि लवकर संपतात. तिथले जिनेही उभे आहेत, आणि ती जागा पेलण्याइतके मूल मोठे आहे का, याचा विचार आई-वडिलांनीच करायचा.

जेवणाची सोय हा शाकाहारी घरांचा कळीचा प्रश्न. ॲमस्टरडॅममध्ये भारतीय उपाहारगृहे आहेतच, पण तिथली खरी मौज सुरिनामी रोटीच्या दुकानांत आहे. १८७३ मध्ये ‘लाला रूख’ या जहाजातून कलकत्त्याहून मजुरांची पहिली तुकडी सुरिनाम या डच वसाहतीत नेली गेली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले त्या सुमारास त्यांचे कित्येक वंशज नेदरलँड्समध्ये येऊन स्थायिक झाले. त्यांच्या दुकानांतून डाळीचे सारण भरलेली मऊ रोटी, बटाट्याची रस्सा भाजी आणि चवळीच्या शेंगा असे ताट मिळते. शाकाहारी ताटातही उकडलेले अंडे असू शकते. नको असेल तर आधीच सांगावे. परक्या मुलखात तिसऱ्याच खंडातून फिरून आलेली आपल्याकडची चव लागावी, ही या शहराची फार मोठी देणगी आहे.

शहराचे उणे म्हणजे खर्च. हॉटेले महाग आहेत आणि २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटनकर लागतो.

झुरिक सोयीत ॲमस्टरडॅमच्या बरोबरीचे आहे, निवांतपणात सरस. विमानतळाखालून निघालेली गाडी दहा-बारा मिनिटांत मुख्य स्थानकात पोचते. ट्रामने किंवा थोडे चालून पुढे तळे. शहराच्या वाहतूक तिकिटावर तळ्यातल्या बोटींनीही फिरता येते, रस्त्यांवर बाराशेहून अधिक कारंज्यांना पिण्याचे पाणी असते आणि हवा स्वच्छ असली तर तळ्यापलीकडे आल्प्सची रांग दिसते. ज्यांना काहीही ‘बघायचे’ नाही, नुसते दोन दिवस शांत बसायचे आहे, त्यांनी खुशाल झुरिक निवडावे. चलन स्विस फ्रँक आहे आणि बाहेरचे साधे जेवणही खिशाला जड जाते. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असल्याने व्हिसा तोच चालतो.

फ्रँकफर्टला लोक उगाच नीरस ठरवतात. एका दिवसासाठी ते उत्तम आहे: लोकलने बारा-पंधरा मिनिटांत मुख्य स्थानक, सेंकेनबर्ग संग्रहालयात डायनोसॉरचे भव्य सांगाडे, पाल्मेनगार्टन या वनस्पतीउद्यानातली काचघरे, आणि १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झालेला व २०१८ मध्ये पुन्हा उभा केलेला जुन्या शहराचा भाग. फक्त मुख्य स्थानकासमोरच्या गल्ल्यांत हॉटेल घेऊ नये. तिथे अमली पदार्थांचा उघड वावर आहे आणि मुलांना घेऊन संध्याकाळी तिथून जाणे नकोसे होते. माइन नदीपलीकडचा झाक्सनहाउझेन भाग बरा. म्युनिकचा विमानतळ दूर आहे, लोकलने सुमारे चाळीस मिनिटे. पण इंग्लिश गार्डन आणि डॉइचेस म्युझियम यांच्यासाठी दोन पूर्ण दिवस असतील तर ते अंतर सोसण्यासारखे आहे.

पॅरिसचा मोह सर्वांत मोठा आणि अल्प मुक्कामाला ते सर्वांत अयोग्य. शार्ल द गोल विमानतळ शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे, गाडी गर्दीची, मेट्रोच्या बहुसंख्य स्थानकांवर लिफ्ट नाही, आणि आयफेल मनोऱ्यापासून लूव्र संग्रहालयापर्यंत प्रत्येक ठिकाणी आधी ठरवलेली वेळ पाळायची. लूव्र मंगळवारी बंद असते. दोन दिवसांत पॅरिस पाहू पाहणारे कुटुंब रांगा पाहून परतते. त्या शहरासाठी स्वतंत्र आठवडा काढावा. लंडनला स्वतंत्र व्हिसा लागतो आणि शहर अफाट. नातेवाईक तिथे असतील तरच वाटेत थांबण्यात अर्थ आहे. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असणाऱ्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो, म्हणून इस्तंबूल कागदपत्रांना सोपे. पण नवा विमानतळ लांब आहे आणि शहर चढ-उतारांचे.

ऋतूनुसारही निवड बदलते. जूनमध्ये ॲमस्टरडॅमला रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. नाताळच्या सुट्टीत थांबायचे असेल तर घराबाहेरच्या सौंदर्यावर भिस्त न ठेवता छपराखालच्या जागा भरपूर असलेले शहर, म्हणजे म्युनिक किंवा फ्रँकफर्ट, निवडावे. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. दूध, डायपर, औषध यांसाठी मोठ्या स्थानकांतली दुकाने तेवढी उघडी सापडतात.

मुक्काम जाताना करावा की येताना, याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘जाताना’ असेच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून संध्याकाळी निघालेले विमान सहा-सात तासांत युरोपात सकाळी उतरते. तेव्हा शरीराच्या हिशेबी मध्यरात्र उलटलेली असते. त्या अवस्थेत मुलांना शहर दाखवणे म्हणजे त्यांना शिक्षाच. वडीलधाऱ्यांसाठी चाकाची खुर्ची हवी असेल तर ती दोन्ही विमानतळांवर ४८ तास आधी मागून ठेवावी. युरोपात ही सेवा विनामूल्य आहे.

राहता राहिले सामान. मुक्काम २४ तासांहून अधिक असला की चेक-इन केलेल्या बॅगा वाटेतल्या शहरातच हाती येतात. पाच माणसांच्या आठ-दहा बॅगा गाडीत चढवणे अशक्यच, म्हणून त्या विमानतळावरच्या सामानघरात ठेवून दोन दिवसांचे कपडे वेगळ्या लहान बॅगेत घ्यावेत. पण बॅगा हाती आल्या म्हणजे त्या त्या देशाच्या सीमाशुल्क तपासणीतून जाणार, आणि इथे मराठी घरांचा हमखास घोटाळा होतो. युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. स्वित्झर्लंडलाही हाच नियम आहे. म्हणजे लेकीसाठी घेतलेले साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी, चक्का यांपैकी काहीच चालत नाही. बाळाच्या दूध पावडरीला मर्यादित सवलत आहे. ताजी फळे आणि झाडपाल्याला रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. त्यातून केळी, नारळ, अननस, खजूर आणि दुरियान एवढीच वगळली आहेत, म्हणून हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवावी. लोणचे, मेतकूट, भाजणी, पोह्याचे पापड यांना या नियमाची आडकाठी नाही. बेसनाचे लाडू तुपातले असतात, तेव्हा ते मुंबई-युरोप प्रवासातच संपवावेत.