पात्रं ढीगभर, पोरं तीन!

युवा महोत्सवाची तालीम म्हटलं की पहिल्या दिवशी हॉल भरलेला असतो. मग कुणाची इंटर्नल निघते, कुणाला गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते. उरतात चार टाळकी. 'आता नाटक कसं करावं बाप्पा?' अमरावती असो की अकोला, प्रश्न तोच. त्याचं एक झकास उत्तर आहे, तिघांत करा!

इंग्लंडच्या 'पीपोलायकस' या विनोदी नाटकमंडळीनं २००७ मध्ये हेच केलं. आर्थर कॉनन डॉयलची १९०२ ची शेरलॉक होम्स कादंबरी 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' त्यांनी फक्त तीन नटांत उभी केली. त्याआधी २००५ मध्ये पॅट्रिक बार्लोनं 'द थर्टी नाइन स्टेप्स' ही हेरकथा चौघांत बसवली. पुढे लंडनमध्ये ती नऊ वर्षं चालली. टोपी बदलली की माणूस बदलला!

यातली गंमत मात्र नीट समजून घ्या. हसू येतं ते नट कमी पडतात म्हणून. संशयित आणि त्याला पकडणारा पोलिस एकच पोरगा करत असेल, तर दोघांची भेट कशी घालायची? त्या धावपळीला टाळ्या पडतात. रहस्य मात्र गंभीरपणेच सांगायचं. होम्सच पाचकळपणा करू लागला तर रहस्यही जातं अन् हसूही. हॉटेलातून गायब झालेला बूट हा या कथेतला महत्त्वाचा धागा. कितीही गोंधळ घाला, तो बूट प्रेक्षकाच्या नजरेतून सुटता कामा नये.

हा खेळ आपल्याला नवा नाही. 'तो मी नव्हेच' (१९६२) मध्ये प्रभाकर पणशीकर एकटेच पाच रूपांत यायचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये लक्ष्मण देशपांडे ५२ पात्रं रंगवायचे. ते वऱ्हाड लग्नाचं होतं. आपलं वऱ्हाड लंडनच्या होम्सलाच इकडे आणू शकतं की! इंग्लंडच्या माळावरचं धुकं पावसाळ्यातल्या चिखलदऱ्यात आहेच. बास्करव्हिलांच्या हवेलीऐवजी देशमुखांची गढी घ्या, वॉटसनला वऱ्हाडी बोलू द्या. धुक्याला एक पांढरी चादर पुरे.

परवानगीचं काय? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. डॉयल १९३० मध्ये गेले. त्यामुळे मूळ कादंबरीवरून स्वतःची संहिता बिनधास्त लिहा. इंग्रजी नाटकांच्या तयार संहिता मात्र परवानगीशिवाय उचलू नका.

सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. मोठ्या नाटकात कुणीतरी तीन वर्षं भालदारच राहतो. इथं गर्दीत उभं राहायला जागाच नाही. तोच भालदार अर्ध्या तासात नोकर, डॉक्टर, म्हातारी आणि वेळ पडली तर कुत्रासुद्धा होतो. मग सांगा, उरलेली चार टाळकी कमी आहेत का? उलट एक जास्तच आहे, त्याला लाइट द्या!