कोणता लसूण?

लसणाच्या अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतेच. तिच्यात असते ॲलीन, आणि पेशीतल्याच दुसऱ्या कप्प्यात ॲलिनेज हे विकर. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होते. कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी १९४४ मध्ये वेगळे काढले ते हेच. पण तेही टिकाऊ नाही. तेलात त्याचे अजोईन होते, वाफेने काढलेल्या लसूणतेलात डायअलाइल डायसल्फाइड आणि त्याची भावंडे सापडतात, आणि काप पाणी-अल्कोहोलमध्ये महिनोन्‌महिने मुरवले तर मुख्यतः एस-अलाइल सिस्टीन हाती लागते. त्यामुळे ‘लसणाचा अर्क डीएनएचे रक्षण करतो’ असे कुणी म्हटले, तर आधी कोणता अर्क, ते विचारायला हवे.

रक्षण होते, याचा पुरावा मात्र प्रयोगशाळेत खरोखर आहे. ‘कॉमेट’ चाचणीत काचपट्टीवरच्या ॲगारोजच्या थरात पेशी बसवतात, त्यांचे आवरण विरघळवतात आणि वीजप्रवाह सोडतात. अखंड डीएनए जागीच गोळा होऊन राहतो; तुटलेले तुकडे धनाग्राकडे सरकतात आणि मागे शेपूट उमटते. शेपटात डीएनए जितका जास्त, तितकी इजा मोठी. मानवी यकृताच्या हेप-जी-टू पेशींना आधी लसणातली गंधकयुक्त संयुगे देऊन मग बेंझोपायरिन किंवा अफ्लाटॉक्सिन यांसारखी विषे दिली, तर ही इजा कमी झालेली आढळते. यकृताच्या पेशीच का, यातच मर्म आहे. ही विषे मुळात तितकी घातक नसतात. यकृतातली विकरे त्यांना घातक रूप देतात. लसणातली संयुगे यातल्या काही विकरांना आवर घालतात आणि विष बाहेर काढणाऱ्या ग्लुटाथायोन-गटाच्या विकरांना चालना देतात. म्हणजे रक्षण होते ते इजा होण्याआधी. तुटलेला डीएनए लसूण सांधून देतो, असे यातून सिद्ध होत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. पोटातल्या आम्लात ॲलिनेज निकामी होते आणि भरपूर कच्चा लसूण खाल्ल्यावरही रक्तात ॲलिसिन सापडत नाही, तेव्हा पेशींवर थेट ॲलिसिन ओतून काढलेले निष्कर्ष जेवणाला लावणे धाडसाचेच. मात्रेचा प्रश्नही आहे. चिनी हॅमस्टरच्या पेशींवरच्या १९९७ च्या अभ्यासात डायअलाइल सल्फाइड आणि डायसल्फाइड यांनी गुणसूत्रांची मोडतोड केली. म्हणजे रक्षक म्हणून गौरवलेली संयुगेच तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात! ‘नैसर्गिक आहे, जास्त घेतले तर काय बिघडते’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शस्त्रक्रियेआधी किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

‘कोणता लसूण’ हा प्रश्न स्वयंपाकघरातही येतो. १९९९ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात ठेचलेला लसूण ६० सेकंद मायक्रोवेव्हमध्ये तापवला, तर कर्ककारक द्रव्य डीएनएला चिकटण्यापासून रोखण्याची त्याची क्षमता गेली. तापवण्याआधी १० मिनिटे तसाच ठेवला, तर ती काही अंशी टिकली. आपण ठेचल्याबरोबर कडकडीत तेलात टाकतो, तो वेगळा पदार्थ आहे, इतके यातून म्हणता येते. फोडणी निरुपयोगी, असे नव्हे.

माणसांवरची सर्वांत लक्षणीय चाचणी चीनमधल्या शानडाँग प्रांतातल्या लिंचू भागात झाली. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तिथे फार मोठे. १९९५ मध्ये ३,३६५ लोक सहभागी झाले. काहींना लसणाच्या कॅप्सूल सात वर्षांहून अधिक काळ दिल्या. २००६ मध्ये जाहीर झालेल्या निकालात कर्कपूर्व बदलांवर परिणाम दिसला नाही, तेव्हा लसणाचा दावा निकालात निघाल्यासारखा वाटला. पण पाठपुरावा २२ वर्षांपर्यंत चालू ठेवल्यावर, २०१९ मध्ये, लसणाच्या गटात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी आढळले; नव्या रुग्णांच्या संख्येतली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेशी ठरली नाही. मृत्यू स्पष्टपणे कमी, पण रुग्णसंख्येतली घट अनिश्चित, हा तिढा अजून सुटलेला नाही. शिवाय त्या कॅप्सूलमध्ये मुरवलेला अर्क आणि वाफेने काढलेले तेल होते, ॲलिसिन नव्हते. ताज्या ठेच्याची बाजू मांडणाऱ्याला लिंचूचा दाखला देता येणार नाही, आणि ठेच्याला खोटे पाडणाऱ्यालाही नाही.